भावे प्रयोग

माझ्या नवऱ्याने 'मी' म्हणणं सोडलंय, ही बातमी मला डेलिथकडून कळली. एकतीस वर्षं संसार मी केला आणि लक्षात आलं ते त्यांच्या सेक्रेटरीच्या. याचा राग मला अजून आहे.

डेलिथ कार्डिफच्या आमच्या हॉस्पिटलात पुरुषोत्तमची पत्रं टाइप करायची. पुरुषोत्तम म्हाताऱ्या माणसांचे डॉक्टर, कन्सल्टंट. मी त्याच इमारतीत दोन मजले खाली, हाडांच्या विभागात, दुसऱ्या डॉक्टरांची पत्रं टाइप करायचे. डॉक्टर छोट्या कॅसेटवर बोलतात आणि आम्ही कानाला हेडफोन लावून ते उतरवून घेतो. सगळी पत्रं एका छापाची असतात. मी या गृहस्थांना क्लिनिकमध्ये पाहिलं, मी त्यांचं औषध बदललंय, मला असं वाटतं. दर दोन ओळींना एक मी.

२००४चा मार्च होता. कँटीनमध्ये डेलिथ माझ्यासमोर ट्रे ठेवून बसली आणि म्हणाली, "सु, तुझ्या नवऱ्याच्या टेपवर तीन आठवडे एकही 'आय' आलेला नाही. पेशंट पाहिला गेला, छाती तपासली गेली, असं वाटलं. कुणी तपासली, कुणाला वाटलं, काही पत्ता नाही. मीच आपली जिथे तिथे 'आय' घालत बसते. बरे आहेत ना ते?"

बरे आहेत, म्हटलं. घरात मला हे कसं कळलं नाही, याचा विचार करत मी दुपारभर कुणाच्या तरी गुडघ्याचं पत्र तीनदा चुकवलं. मग उलगडा झाला. आम्ही घरी मराठी बोलतो, आणि मराठीत माणूस 'मी'शिवाय महिनोन्महिने निभावून नेऊ शकतो. भूक लागली. झोप आली. बाहेर जायचंय. कुणाला ते विचारायची गरजच पडत नाही. लग्नाआधी दोन वर्षं मी पुण्यात मुलींच्या शाळेत व्याकरण शिकवलंय. उजाडलं, गडगडतं, मळमळतं, ही अकर्तृक भावे प्रयोगाची उदाहरणं मी फळ्यावर लिहायचे. यातला कर्ता शोधून सापडत नाही, असं मुलींना सांगायचे. आमच्या घरातला चहासुद्धा एकतीस वर्षं जणू भावे प्रयोगातच होत आला होता. 'चहा व्हायला हवा' असं पुरुषोत्तम म्हणायचे आणि चहा व्हायचा. करणारी मी होते, पण वाक्यात मला जागा नव्हती. अशा घरात एक कर्ता गळाला तर कळणार कसा?

संध्याकाळी स्वयंपाक करता करता मी सरळ विचारलं. "अहो, डेलिथ म्हणत होती, तुम्ही टेपवर 'आय' म्हणत नाही."

"हो," ते म्हणाले. "तुला सांगायचं होतं. पण सांगता येत नाही."

"प्रयत्न करा."

ते ओट्याला टेकून उभे राहिले. मग म्हणाले, "फेब्रुवारीत एकदा वॉर्डात बेसिनपाशी हात धुणं चाललं होतं. पाणी होतं, साबण होता, हात होते. धुणारा नव्हता. शोधून पाहिलं. सापडला नाही. तेव्हापासून सापडलेला नाही."

"मग आत्ता माझ्याशी कोण बोलतंय?"

"बोलणं चाललंय."

मला हातातली पळी फेकून मारावीशी वाटली. मी तसं बोलूनही दाखवलं, आणि लागली असती तर कुणाला लागली असती, असंही विचारलं. "लागली असती," ते म्हणाले आणि हसले. ते हसणं मी कधी पाहिलं नव्हतं. त्यात मला चिडवणं नव्हतं, माझी समजूत घालणंही नव्हतं. मी त्या हसण्यात कुठेच नव्हते, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

खरं सांगायचं तर पुरुषोत्तम हा कटकट्या माणूस. पार्किंगवरून शेजाऱ्याशी वाद, हीटिंगवरून माझ्याशी वाद, ड्यूटीचा रोटा लावणाऱ्यांशी कायमचं वैर. हे सगळं एका महिन्यात गेलं. ते लहान मुलासारखे झोपू लागले. कुणी रांगेत पुढे घुसलं तरी बघत उभे राहायचे. दुसरी एखादी बाई खूश झाली असती. माझा मात्र पाय घरात ठरेना. मी मसाल्याचं कपाट चार वेळा लावलं, पडदे काढून धुतले, भर कामाच्या दिवशी मधेच उठून दोन मजले चढून त्यांच्या वॉर्डाच्या दारातून डोकावून यायचे. ते कुणाचा तरी हात हातात घेऊन बसलेले दिसायचे. नर्सेस म्हणायच्या, डॉक्टर किती शांत झालेत. मला तो शांत माणूस नको होता. मला माझ्याशी भांडणारा हवा होता.

बातमी आमच्या मराठी लोकांत पसरायला वेळ लागला नाही. एप्रिलमध्ये कॉव्हेंट्रीच्या मंडळींनी त्यांना या अनुभवावर बोलायला बोलावलं. पुरुषोत्तम उभे राहिले, तोंड उघडलं, मिटलं, आणि तीन-चार मिनिटं तसेच उभे राहून खाली बसले. मग कुणीतरी टाळी वाजवली. दोन बायका त्यांच्या पाया पडल्या आणि एकीने मलाही हळदीकुंकू लावलं. परतताना गाडी मी चालवत होते. "तुम्ही मुद्दाम गप्प बसलात का?" मी विचारलं.

"नाही. प्रत्येक वाक्य सुरू केलं की त्यात दोघं येत होते. एक सांगणारा, एक सांगायचं ते. खोटं सुरू होतंय असं वाटलं, म्हणून थांबणं झालं."

"थांबणं झालं," मी म्हटलं. "छान."

मे महिन्यात मिस्टर प्रॉसर गेले.

ते एक्याऐंशी वर्षांचे होते, कार्डिफजवळच्या दरीतल्या एका गावातल्या शाळेत शिपाई म्हणून काम केलेले. घरी पडले म्हणून त्यांना आणलं होतं. हृदयासाठी ते वॉरफरिन घ्यायचे, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी. तपासणीत रक्त प्रमाणाबाहेर पातळ झालेलं निघालं. गुरुवारच्या राउंडला पुरुषोत्तम त्यांच्या खाटेपाशी म्हणाले, "वॉरफरिन बंद व्हायला हवं," आणि पुढे गेले. ते इंग्रजीत बोलले, पण वाक्य आमच्या स्वयंपाकघरातलं होतं. घरी अशा वाक्याला उठून कामाला लागणारी मी होते. वॉर्डात ते वाक्य कुणाचंच नव्हतं. रजिस्ट्रारला, म्हणजे त्यांच्या हाताखालच्या अनुभवी डॉक्टरला, वाटलं हाउस ऑफिसर करेल. हाउस ऑफिसरला वाटलं रजिस्ट्रारने औषधांच्या चार्टवर काट मारली. नर्सने चार्टवर जे होतं ते केलं. गुरुवारी संध्याकाळी गोळी दिली गेली, शुक्रवारीही दिली गेली. शनिवारी सकाळी मिस्टर प्रॉसर हाक मारली तरी उठेनात. मेंदूत रक्तस्राव झाला होता. रविवारी ते गेले.

त्यांच्या बायकोने हॉस्पिटलला पत्र लिहिलं. पुरुषोत्तमनी त्याची प्रत घरी आणली होती. निळ्या शाईत, थरथरत्या अक्षरात एकच प्रश्न होता. ती गोळी बंद करायचं काम कुणाचं होतं?

हाउस ऑफिसर म्हणजे आमची तनिषा. 'आमची' म्हणते कारण ती लंडनजवळच्या इल्फर्डची, आईवडील मराठी, कार्डिफला एकटीच राहायची, आणि ऑगस्टपासून बहुतेक रविवारी आमच्याकडे जेवायची. डॉक्टर झाल्यावरचं तिचं पहिलं वर्ष होतं. जुलैअखेर तिच्या त्या वर्षावर सही व्हायची होती. सही झाली नाही तर पुढचं सगळं तिथेच अडलं असतं. चौकशी सुरू झाली आणि रजिस्ट्रारने लिहून दिलं की चार्ट बदलणं हे हाउस ऑफिसरचं काम. मग तनिषा रविवारी आली ती जेवायला बसेचना. पुरुषोत्तम बागेत गवत कापत होते.

"काकू, सर म्हणाले, वॉरफरिन नीड्स टू बी स्टॉप्ड," ती म्हणाली. "मी नोट्समध्ये लिहिला पण. सेम वर्ड्स. पण सर कुणाकडे बघितला नाही. आधी ते नेहमी सांगायचे, तनिषा, यू डू धिस. आता ते असं सांगतच नाहीत. मला वाटला झालाय."

"हे तू चौकशीत सांग."

"कसं सांगू? आय कान्ट से, माझा कन्सल्टंट सेंटेन्समध्ये सब्जेक्ट वापरत नाही." ती हसायला गेली आणि तिला रडू आलं. "आणि चूक माझा पण आहे, काकू. मी चेक करायला पाहिजे होता."

तेवीस-चोवीस वर्षांची पोरगी, लिंगवचनाचा तिला पत्ता नाही, पण 'मी' आणि 'माझा' तिला बरोबर म्हणता येत होतं. मी तिला भात वाढला आणि ती संपवेपर्यंत समोर बसून राहिले. तेव्हाच मी ठरवलं की या घरातून जाणाऱ्या कागदावर कर्ता असल्याशिवाय तो जाणार नाही.

पुरुषोत्तमनी आपलं निवेदन कॅसेटवर सांगितलं. डेलिथला ते देणं बरं दिसेना, म्हणून टाइप करायला माझ्याकडे आलं. मी हेडफोन लावला. गुरुवारी राउंडच्या वेळी वॉरफरिन बंद करण्यात यावे असे सांगण्यात आले. सदर सूचनेची नोंद करण्यात आली. शुक्रवारी दुपारी पेशंट पाहण्यात आला. पेशंट आरामात असल्याचे दिसून आले. घडल्या गोष्टीबद्दल अतीव दुःख आहे.

डॉक्टरांच्या विम्याचा एक सल्लागार असतो, अशा वेळी तो कागद आधी बघतो. मी मसुदा फॅक्स केला. तासाभरात त्याचा फोन आला. तो भलताच खूश होता. म्हणाला, इतकं निर्दोष निवेदन मी बऱ्याच दिवसांत वाचलेलं नाही, कृपा करून यातला एक शब्दही बदलू नका. फोन ठेवल्यावर मी जिन्याच्या पायरीवर बसले. तीन महिने मी माझ्या नवऱ्याच्या ज्या भाषेपुढे हात टेकले होते, लोक जिच्या पाया पडत होते, ती विम्याच्या सल्लागाराला जशीच्या तशी चालली होती. पुरुषोत्तम लबाड नव्हते, हे मला पुरतं माहीत होतं. त्यांना जे झालं होतं ते खरं होतं, हेही मी तोवर मनातून मानलं होतं. म्हणून तर माझा संताप आवरेना. लबाड असते तर मी त्यांना दोन तासांत सरळ केलं असतं.

"तनिषाला काही होऊ नये असं वाटतं," ते त्या दिवशी जेवताना आपण होऊन म्हणाले.

"कुणाला वाटतं?"

"वाटतं."

"मग ज्याला वाटतं त्याचं नाव कागदावर घाला."

त्यांनी घास खाली ठेवला. "सुप्रभा, ते खोटं होईल. जो नाही तो आहे असं लिहून खाली सही कशी करायची? तुला हे शब्दांचे खेळ वाटतात."

"सही करताच ना तुम्ही? रोज वीस कागदांवर करता. ती कुणाची असते?" माझा आवाज चढला होता आणि मी तो चढू दिला. "तुमचा मी गेला असेल. चांगल्या जागी गेला असेल. पण तनिषाचा अजून इथेच आहे. त्याला घेऊन तिला उद्या वॉर्डात जायचंय, आणि तुमच्या वाट्याचं सगळं त्याच्यावर येऊन पडतंय. प्रॉसरबाई विचारतायत कुणाचं काम होतं. त्यांना काय कळवू, काम होतं म्हणून?"

ते माझ्याकडे बघत राहिले. पूर्वीचे पुरुषोत्तम ताट सरकवून उठून गेले असते. हे नुसते बघत होते, आणि त्यांच्या नजरेत मला पहिल्यांदा काहीतरी हललेलं दिसलं. काय ते कळलं नाही.

शनिवारी सकाळी ते फिरायला गेले तेव्हा मी निवेदन पुन्हा टाइप केलं. प्रत्येक वाक्यात हात घातला. गुरुवारी मी वॉरफरिन बंद व्हायला हवं असं म्हटलं. ते कुणी बंद करायचं, हे मी सांगितलं नाही. शुक्रवारी दुपारी मी मिस्टर प्रॉसरना पाहिलं. ते मला आरामात वाटले. मी त्यांचा चार्ट उघडला नाही. हे शेवटचं मला कुणी सांगितलेलं नव्हतं, पण उघडला असता तर आदल्या संध्याकाळच्या गोळीची सही त्यात दिसली असती, एवढं टायपिस्टलाही समजतं. डॉक्टर तनिषा यांच्याकडे मी हे काम सोपवलं नव्हतं. मला अतीव दुःख आहे. एकंदर सात वेळा 'मी' घातला. दुसऱ्याचा 'मी' लिहिणं हा काय उद्योग आहे ते मलाही कळत होतं. डेलिथ ते पत्रांत घालत होती ते वेगळं. मी माझ्या नवऱ्याच्या नोकरीखाली सुरुंग लावत होते.

ते परत आले. मी कागद जेवणाच्या टेबलावर ठेवला, शेजारी पेन ठेवलं. "तुमच्या कॅसेटवर हे नाही," मी सांगितलं. "हे मी घातलंय. सल्लागाराला हे आवडणार नाही. वाचा, आणि खरं नसेल ते खोडा."

त्यांनी कोट न काढता वाचायला घेतलं. पान एकच होतं, पण ते फार वेळ वाचत होते. मी ओटा पुसला. पुसून झालेला पुन्हा पुसला. मग त्यांनी पेन उचललं. आता सातही 'मी'वर काट बसणार, असं वाटलं. मी त्यांच्या खांद्यामागे जाऊन उभी राहिले.

त्यांनी काहीच खोडलं नाही. शेवटच्या वाक्याच्या वर जागा होती, तिथे हाताने एक ओळ लिहिली. शुक्रवारी मिस्टर प्रॉसरनी मला डोकं दुखत असल्याचं सांगितलं. मी ते ऐकलं नाही.

"हे काय?" मी विचारलं.

"पेन टॉस्ट म्हणत होते ते," पुरुषोत्तम म्हणाले. "दोन-तीनदा म्हणाले. पेन टॉस्ट."

कार्डिफच्या हॉस्पिटलात वर्षभर काढलेल्या कुणालाही हे दोन वेल्श शब्द समजतात. म्हाताऱ्या माणसांना बरं नसलं की ती इंग्रजी सोडून घरच्या भाषेत शिरतात, आणि डोकं दुखत असेल तर हेच म्हणतात. मी खुर्ची ओढून बसले.

"अठ्ठावीस वर्षं हे ऐकतोय," ते म्हणाले. "रक्त पातळ झालेल्या माणसाने हे शब्द उच्चारले की हात आपोआप चार्टकडे जातो. झोपेतसुद्धा जाईल. पण त्या दिवशी शब्द राहिलेच नव्हते गं. नुसते आवाज झाले होते. त्यांचे ओठ हलत होते, खिडकीतून ऊन आलं होतं आणि ते जे काही म्हणत होते ते इतकं सुंदर वाटत होतं की मी हसलो. त्यांचा हात हातात घेतला आणि हसलो. तेही थोडे हसले. त्यांना वाटलं असणार, मला कळलं."

चार महिन्यांनी मी त्यांच्या तोंडून 'मी' ऐकत होते. एवढी आदळआपट करून मी जो मागितला होता तो हा होता, आणि तो आल्याबरोबर मला नकोसा झाला. त्यांचा चेहरा एकदम म्हातारा दिसायला लागला होता. तोंडाशी ती जुनी कटकटीची रेघ परत आली होती, आणि तिच्यामागे काहीतरी असं होतं की मला तिकडे बघवेना.

"खोडा ती ओळ," मी म्हटलं. "हे कुणालाही माहीत नाही. तनिषा वरच्या सातांमध्येच सुटते. याची गरज नाही. अहो, यावरून तुमचं लायसन्स जाईल."

मी पेनच हातात घेतलं. कर्ता हवा म्हणून घर डोक्यावर घेणारी मी, आणि मीच त्याच्यावर काट मारायला निघाले होते. त्यांनी आपला पंजा त्या ओळीवर ठेवला.

"वॉर्डात सहा माणसं होती," ते म्हणाले. "दोन नर्सेस होत्या. प्रॉसरनी त्यांतल्या कुणाला काही सांगितलं नाही. मी दारातून जात होतो, तर हात करून मला बोलावलं. ते मला सांगत होते, सुप्रभा."

मी पेन खाली ठेवलं. मग कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला आणि ती ओळ टाइप करायला बसले. 'मला'पर्यंत लिहून झालं आणि पुढचं दिसेना, डोळे भरले होते. पुरुषोत्तमनी खुर्ची माझ्याशेजारी आणली आणि त्यांच्या अक्षरातलं उरलेलं वाक्य एकेक शब्द करून मला वाचून दाखवलं, आणि मी ते लिहून घेतलं.